हातमोजा माशासाठी की हातासाठी?

आमिष हाताळताना हातमोजे घालावेत का, असं मला गळ टाकायला बसणारी मंडळी वारंवार विचारतात. बहुतेकांच्या मनात वासाची धास्ती असते. माणसाच्या हाताचा वास आला की मासा आमिषाला तोंड लावत नाही, असं त्यांनी ऐकलेलं असतं.

हे अगदीच निराधार नाही. १९५० च्या दशकात कॅनडात, नदी चढून जाणाऱ्या सॅमन माशांच्या वाटेत वरच्या अंगाने हात धुतलेलं पाणी सोडून पाहिलं गेलं. मासे बिचकले, वर चढायचे थांबले. अस्वलाच्या पंजाच्या धुवणानंही तेच झालं. १९५६ मध्ये त्यामागचं द्रव्य सापडलं : सेरीन, आपल्या त्वचेवरचं एक अमिनो आम्ल. पण ही गोष्ट सॅमनची. ती सरसकट सगळ्या माशांना लावणं मला पटत नाही. मिशावाल्या माशांच्या तर अंगभर चव ओळखणाऱ्या कळ्या असतात आणि कितीतरी अमिनो आम्लं त्यांना उलट ओढून आणतात. हाताला तंबाखू, पेट्रोल किंवा डास पळवणारं मलम लागलेलं असेल, तर त्याची काळजी जरूर करा. पण तेवढ्यासाठी बिनवासाचा साबण पुरतो.

मला खरी काळजी आहे ती हाताची.

गळाचा काटा बोटात जरासा रुततो, आपण बोट पाण्यात बुचकळतो आणि पुन्हा डब्यात हात घालतो. दोन-चार दिवसांनी तिथे जांभळट लाल, ठणकणारा डाग उठतो. मासे आणि आमिष हाताळणाऱ्यांत हा जिवाणूसंसर्ग जुना, ओळखीचा आहे, पेनिसिलिननं बराही होतो. दुसरा एक जिवाणू, मायकोबॅक्टेरियम मरायनम, फार सावकाश चालतो. गाठ काही आठवड्यांनी येते, तोवर ते टोचणं आपण विसरून गेलेलो असतो. म्हणून डॉक्टरांकडे गेलात तर मासे धरता हे आधी सांगा. ज्यांना यकृताचा आजार आहे त्यांनी कोमट खाऱ्या पाण्यात उघडी जखम नेऊच नये. तिथल्या व्हिब्रिओ नावाच्या जिवाणूच्या संसर्गानं जीव जाऊ शकतो.

रंगवलेल्या अळ्यांबद्दलही बोललं पाहिजे. ब्रिटनमध्ये क्रायसॉयडिन नावाच्या रंगात अळ्या बुडवत, त्यानं बोटं पिवळी होत. १९८० च्या दशकात त्याचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध असल्याचा संशय आला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं पुरावा अपुरा ठरवला. तरी मी म्हणेन, रंग हाताला लागत असेल तर मोजा घालाच. मुळातच लाल असणाऱ्या अळ्यांचं तसंच. त्यांना लाली देणारं हिमोग्लोबिनच काहींना खाज आणि दमा देतं. वाळवलेल्या अळ्यांची भुकटी हवेत उडते, तेव्हा मोज्याइतकाच मास्कही लागतो.

समुद्रातला एक आमिषकिडा, ग्लिसेरा, तो कधी जवळून पाहा. हातात धरला की सोंड भसकन बाहेर पडते आणि टोकाला चार काळे, वाकडे दात दिसतात. त्या दातांत तांबं असतं आणि मुळाशी विषाच्या ग्रंथी. पातळ मोजा त्याच्यापुढे टिकत नाही. डोक्यालगत मागून धरायचं, हाच उपाय.

मोजे नायट्राइलचे, म्हणजे कृत्रिम रबराचे घ्या. लॅटेक्सचं अनेकांना वावडं असतं. सैल मोजा नको, गांडूळ ओवताना त्याची चुणी गळाच्या टोकात अडकते. आणि मोजा घातला म्हणून गळ टोचणार नाही, असं समजू नका.

एक गोष्ट मात्र मी आग्रहानं सांगतो. मासा पाण्यात परत सोडायचा असेल तर त्याला सुती, कोरड्या मोज्यानं धरू नका. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसला जातो आणि रोगाला अडवणारं त्याचं पहिलं कवचच निघून जातं. म्हणून मी डाव्या हातात मोजा घालतो, आमिष त्यानंच धरतो. उजवा हात उघडा, गाठ मारायला आणि गळ चाचपायला. मासा लागला की डावा मोजा उलटा करून खिशात, आणि दोन्ही हात आधी पाण्यात.