दोनशे छप्पन्नांतला एक

पित्ताशयातल्या खड्याचा बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, की काचेच्या तुकड्यांसारख्या पातळ, चौकोनी चकत्या दिसतात. कित्येकींचा एखादा कोपरा खाच पडल्यासारखा. हे कोलेस्टेरॉलचे स्फटिक.

रेणूचं सूत्र साधं आहे: कार्बन २७, हायड्रोजन ४६ आणि ऑक्सिजन फक्त एक. पण हे अणू एकमेकांना जोडलेत कसे, हे उलगडायला पिढ्या गेल्या. विंडाउस आणि वीलांट या जर्मन रसायनज्ञांना स्टेरॉल (कोलेस्टेरॉलच्या कुळातले रेणू) आणि पित्ताम्लांवरच्या (पित्तातली आम्लं) कामासाठी नोबेल मिळालं, तेव्हा त्यांनी मांडलेली रचना चुकीची होती! तरी त्यांचं काम थोरच. रेणू डोळ्यांना दिसत नाही. तो तोडायचा आणि तुकड्यांवरून मूळ आकार ताडायचा, एवढंच त्यांच्या हाती होतं. १९३२ मध्ये स्फटिकशास्त्रज्ञ बर्नाल यांनी अशाच एका स्टेरॉलच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडले. मोजमाप निघालं ते लांबट, चपट्या रेणूचं. कागदावरची जाडजूड रचना त्यात मावेना. त्याच वर्षी ती नव्यानं मांडावी लागली.

आता हा रेणू जवळून बघू. चार कड्या, एकमेकींना चिकटलेल्या: तीन षट्कोनी, एक पंचकोनी. एका टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट. दुसऱ्या टोकाला आठ कार्बनची लवचीक शेपटी. मधला भाग मात्र ताठ.

तो आडवा धरा. वरच्या अंगाला दोन मिथाइल गट (एक कार्बन, तीन हायड्रोजन) उंचवट्यासारखे उभे आहेत. हायड्रॉक्सिल आणि शेपटीही त्याच अंगाला. खालचं अंग सपाट. पेशीपटलात हायड्रॉक्सिल पाण्याकडे तोंड करून राहतो आणि सपाट अंगाला शेजारच्या स्निग्धाम्लांच्या साखळ्या दाटीनं टेकतात. म्हणून पटल घट्ट होतं, तरी गोठत नाही. मला या रेणूतलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हे सपाट अंग.

आणि ते आपोआप आलेलं नाही. या रेणूत आठ कार्बन असे आहेत, की ज्यांच्यावरच्या गटांची मांडणी दोन तऱ्हांनी होऊ शकते. आठ वेळा दोन पर्याय, म्हणजे २५६ रूपं. शरीर त्यांतलं एकच घडवतं. पहिल्या दोन कड्यांच्या सांध्याजवळ एक दुहेरी बंध आहे. आतड्यातले जिवाणू तो घालवतात, तेव्हा तिथे बसणारा एक हायड्रोजन वरच्या अंगाला येतो. तेवढ्यानं पहिली कडी खाली मुडपते आणि सपाटपणा जातो. त्या रेणूचं नाव कोप्रोस्टॅनॉल.

प्रयोगशाळेत कोलेस्टेरॉलचं आरशातलं जुळं भावंडही बनवलं गेलं आहे. त्या आठही कार्बनांवरची मांडणी उलटी. सूत्र तेच, वितळणबिंदू तोच. सी. एलेगन्स या सूक्ष्म कृमीला कोलेस्टेरॉल स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातून लागतं. त्याला हे जुळं भावंड दिलं, तर तो जगत नाही.