कासची इवलीशी फुलं आणि कपाटातला कॅमेरा

नमस्कार, श्रोतेहो.

गौरी-गणपती पार पडले, पावसाचा जोर ओसरला आणि यवतेश्वरच्या घाटातून साताऱ्याजवळच्या कास पठाराकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागली. पठारावरून परतलेल्या मंडळींचे फोटो पाहिले तर बहुतेकांत एकच दृश्य असतं. मागं लांबवर पसरलेला पिवळा-जांभळा रंग, आणि पुढं घरची माणसं. हे फोटो हवेतच, वर्षांनी काढून पाहायला बरे वाटतात. पण त्या जांभळ्या रंगातलं एक फूल कसं होतं हे त्यांत दिसत नाही. कासवर सपुष्प वनस्पतींच्या साडेआठशेच्या आसपास जाती सांगतात, आणि त्यांतल्या कितीतरी नखाएवढ्या आहेत. वाकून पाहिल्याशिवाय त्या भेटतच नाहीत.

अशा फुलांचे फोटो काढायला महागडा कॅमेरा आणि हातभर लांब लेन्स लागते, असा आपला समज असतो. तो मला आज काढून टाकायचा आहे. मोबाइल आल्यापासून अनेक घरांत एक छोटा डिजिटल कॅमेरा कपाटात पडून आहे. तो बाहेर काढा, बॅटरी चार्ज करा, लेन्स जुन्या मऊ सुती कापडानं हलक्या हातानं पुसा. जवळून फोटो काढायला हा कॅमेरा खरोखर चांगला असतो. त्याच्या आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, अगदी लहान, बहुतेकांत जेमतेम 6 मिलिमीटर रुंदीचा. रात्रीच्या फोटोंत हे लहानपण नडतं, पण फुलाजवळ गेल्यावर तेच कामाला येतं. मोठ्या कॅमेऱ्यात पाकळीचं टोक स्पष्ट आलं की देठ धूसर होतो, इथं त्यामानानं जास्त भाग स्पष्ट राहतो.

आता कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला, नाहीतर वरच्या चकतीवर, फुलाचं एक छोटं चिन्ह शोधा. ट्युलिपचं फूल असतं ते. त्याला मॅक्रो म्हणतात. एरवी असा कॅमेरा साधारण 40-50 सेंटीमीटरपेक्षा जवळची वस्तू स्पष्ट टिपत नाही. मॅक्रो लावला की तोच 5-10 सेंटीमीटरपर्यंत जातो, आणि काही कॅमेरे तर फुलापासून बोटभर अंतरावरही चालतात. तुमचा कॅमेरा किती जवळ जातो ते घरीच पाहून ठेवा. टेबलावर मोजपट्टी ठेवायची, तिच्या टोकाशी तांदळाचा दाणा, आणि कॅमेरा हळूहळू पुढं सरकवत फोटो काढत जायचं. दाणा ज्या अंतरानंतर धूसर यायला लागतो ती तुमच्या कॅमेऱ्याची हद्द. हा एवढा आकडा पाठ असला की पठारावर निम्मी अडचण संपते.

झूमचं मात्र नीट ऐका, कारण बहुतेकांचे फोटो इथंच बिघडतात. फूल लहान दिसतंय म्हणून आपण झूम करतो. पण या कॅमेऱ्यांत मॅक्रोचं सगळ्यात जवळचं अंतर मिळतं ते झूम अजिबात न करता. झूम पूर्ण लांबवला की तोच कॅमेरा अर्धा-एक मीटर मागं व्हायला सांगतो. तेव्हा झूम शून्यावर ठेवा आणि कॅमेराच फुलाजवळ न्या. आणि डिजिटल झूम नावाचा जो प्रकार असतो तो मेनूत जाऊन कायमचा बंद करून टाका. तो फक्त मधला तुकडा कापून मोठा करतो, नवं काही टिपत नाही.

शटरचं बटण दोन टप्प्यांत दाबायचं असतं. अर्धं दाबलं की कॅमेरा फोकस धरतो आणि पडद्यावर चौकट हिरवी होते. मग उरलेलं दाबायचं. बारीक देठाच्या फुलावर कॅमेरा हटकून फसतो आणि मागचं गवतच स्पष्ट करतो. अशा वेळी फुलाच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर, आपलं बोट धरा. बोटावर फोकस घ्या, बटण अर्धं दाबलेलंच ठेवा, बोट बाजूला करा आणि फोटो काढा. फुलावर कीटक असेल तर त्याच्या डोळ्यावर फोकस धरा. डोळा स्पष्ट असला की बाकीचं थोडं धूसर असलं तरी फोटो जिवंत वाटतो. फुलपाखरू पंख मिटून बसलं असेल तर कॅमेरा पंखांना समांतर धरा, म्हणजे पंखाचं या टोकापासून त्या टोकापर्यंतचं नक्षीकाम एकदम येतं.

आता उजेडाकडे वळू. लख्ख ऊन पडलं की आपण खूश होतो, पण फुलांसाठी ढगाळ दिवस केव्हाही चांगला. ढगातून पाझरलेला उजेड सगळीकडून सारखा येतो, पाकळीवरच्या रेषा टिकतात. कडक ऊन असेल तर बरोबरच्या माणसाला पांढरी ओढणी नाहीतर फिक्या रंगाची छत्री फुलावर धरायला सांगा. फुलाची एक बाजू काळी पडत असेल तर वहीचा पांढरा कागद त्या बाजूला धरा, लगेच फरक दिसेल. फ्लॅश बंदच ठेवा. इतक्या जवळून तो फुलाला पांढरंफट्ट करतो, आणि लेन्सचीच सावली खाली पडते.

कासवर गेंदाची पांढरी बोंडं दाटीनं उगवतात. त्यांचा जवळून फोटो काढला की तो हमखास मळकट, राखाडी येतो. कॅमेऱ्यात बिघाड नसतो. समोरचं सगळं मध्यम उजेडाचं आहे असं धरून तो हिशेब करतो, म्हणून पांढऱ्याला खाली ओढतो. अधिक-उण्याचं चिन्ह असलेलं बटण दाबा आणि उजेड अधिककडे दोन-तीन पायऱ्या वाढवा. याच्या उलट, गर्द हिरव्या पार्श्वभूमीवर सोनकीचं एकटं पिवळं फूल असेल तर उण्याकडे एक-दोन पायऱ्या जा, नाहीतर पिवळा रंग फुटून पाकळ्यांचा नुसता डाग होतो. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, शंभर-दोनशेवर ठेवा, त्यापुढं या छोट्या सेन्सरमुळे फोटोत दाणे दिसायला लागतात.

माझ्या सर्वांत आवडीचं झाड आहे दवबिंदू. ओल्या जागी उगवणारं हे किडेखाऊ झाड वीतभरही नसतं, चालता चालता दिसणारच नाही. जवळ गेलं की बारीक पानांवर तांबूस केस दिसतात, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला एक चकाकता थेंब. सकाळचं दव ऊन चढलं की उडून जातं, हे थेंब भर दुपारीही तसेच राहतात, कारण ते पाणी नाही, चिकट द्रव आहे. बारीक माशी त्यावर बसली की चिकटते, आणि आजूबाजूचे केस हळूहळू तिच्यावर वाकतात. हा फोटो वरून काढला तर काहीच कळत नाही. कॅमेरा झाडाच्या उंचीवर आणा, सूर्य झाडाच्या मागं किंवा बाजूला येईल असे बसा, मग एकेक थेंब पेटल्यासारखा दिसतो. मागं गडद सावली मिळाली तर फारच उत्तम. त्यासाठी चार बोटं डावी-उजवीकडे सरकणंही पुरतं. सीतेच्या आसवांचंही असंच. निळं-जांभळं फूल समोरून पाहिलं तरच त्याचा ओठ आणि खालचं टोक उठून दिसतं. हेही झाड किडेखाऊच, पण त्याचे सापळे ओल्या मातीत लपलेले असतात, म्हणून फोटोत येतात ती फक्त निरागस फुलं.

पठारावरच्या वाऱ्याला इलाज एकच, सकाळी लवकर पोहोचायचं. वारा कमी असतो आणि गारठ्यानं कीटकही सुस्त असतात, जवळ जाऊ देतात. नंतर वारा सुटला तर दोन झुळुकांमधली शांत वेळ धरा आणि सलग तीन-चार फोटो काढा. हात हलू नये म्हणून कॅमेऱ्याखाली बाजरी भरलेली छोटी कापडी पिशवी ठेवा, तिपाईपेक्षा ती बरी. वारा अगदी पडलेला असेल तर दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही बसत नाही.

आणि आता कळकळीनं एक सांगते. कासवर जांभ्याच्या खडकावर मातीचा अगदी पातळ थर आहे. त्या थरावरच हे सगळं फुलतं. एका फुलाच्या फोटोसाठी आडवं पडलं तर अंगाखाली किती रोपं चिरडतात ते उठल्यावर दिसतं. 2012 साली जागतिक वारसा यादीत आलेल्या पश्चिम घाटात कासचाही समावेश आहे, पण तो नसता तरी हेच म्हटलं असतं. पायवाट सोडू नका. वाटेच्या कडेलाच हात लांबवून पोहोचता येईल इतकी फुलं असतात. मधे येणारं गवत उपटू नका, बोटानं बाजूला धरा आणि फोटो झाला की सोडून द्या. फूल तोडून सोयीच्या जागी ठेवून काढलेल्या फोटोला मी तरी फोटो म्हणणार नाही.

ज्यांना कासला जाणं जमणार नाही त्यांनी शेताच्या बांधावर, अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर, नाहीतर परसातल्या तुळशीपाशी सुरुवात करावी. तुळशीची मंजिरी जवळून पाहिलीत तर तिची फुलं किती रेखीव आहेत ते कळेल. मात्र लवकर करा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, आणि दसऱ्यापर्यंत पठाराचा रंग ओसरायला लागलेला असतो.

फुलाच्या जवळच्या फोटोबरोबर आणखी दोन फोटो काढायला विसरू नका. एक पानाचा आणि एक अख्ख्या झाडाचा. नुसत्या फुलावरून जाणकारालाही नाव सांगणं अवघड जातं. तारीख आणि जागा वहीत टिपून ठेवा, आणि कॅमेऱ्यातलं घड्याळ आजच बरोबर लावा, कारण बरेच दिवस बॅटरी उतरलेल्या कॅमेऱ्याची तारीख चुकलेली असते. नमस्कार.