शून्य पराभव, पंचवीस पराभव

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे बॉक्सिंगबद्दल, तर सुरुवात रेडिओवरच झालेल्या एका बॉक्सिंगपासून करतो. 1967 साल. अमेरिकेतल्या मायामीत मरे वोरोनर नावाचा एक रेडिओ निर्माता होता. त्याच्या मनात आलं, हेवीवेट गटातले आजवरचे मोठे मोठे मुष्टियोद्धे एकमेकांसमोर उभे केले तर? त्यातले काही हयात होते, काही कधीच गेले होते. सगळ्यांची माहिती त्याने कॉम्प्युटरला पुरवली, आणि यंत्राने जो निकाल दिला तो धावत्या समालोचनासारखा रेडिओवर ऐकवला. लोकांनी कान टवकारून ऐकला. या स्पर्धेत मुहम्मद अली हरला. हरला तोही जिम जेफ्रीजकडून, म्हणजे 1899 ते 1905 या काळातल्या चॅम्पियनकडून! अली इतका भडकला की त्याने अब्रुनुकसानीचा दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. अंतिम सामना रॉकी मार्सियानोने जिंकला.

दाव्याची तडजोड झाली ती गमतीची. 1969 मध्ये अली आणि मार्सियानो यांना खरोखर एका रिंगमध्ये उतरवून चित्रीकरण झालं. अली 27 वर्षांचा, मार्सियानो 45 चा, डोक्यावर केसांचा टोप घालून आलेला. शेवट वेगवेगळे चित्रित करून ठेवले होते. जानेवारी 1970 मध्ये अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत लोकांनी पाहिलं की तेराव्या फेरीत अली आडवा झाला. मार्सियानोला ते बघायला मिळालं नाही. 31 ऑगस्ट 1969 ला तो विमान अपघातात गेला होता.

आता, यंत्र हुशार असो नसो, माझी शंका वेगळी आहे. उंची आकड्यात सांगता येते, वजन, हाताची लांबी, किती जिंकले, किती हरले, तेही. पण ‘कोणाला हरवलं’ हे आकड्यात कसं सांगणार?

आमच्याकडे जत्रेतल्या कुस्त्यांना पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागायच्या. एखादं चुणचुणीत पोर सकाळपासून सात-आठ जणांना लोळवायचं आणि रेवड्यांनी खिसे भरून हिंडायचं. आखाड्याच्या कडेला बसलेले म्हातारे त्याच्याकडे बघून हसायचे फक्त. त्यांचा प्रश्न एकच असायचा: “जोड कुणाशी होती?” पैलवानाची किंमत जोडीवर ठरते हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बॉक्सिंगच्या याद्या वाचताना मला ते म्हातारे आठवतात.

मार्सियानोचीच यादी घेऊ. 49 लढती, 49 विजय, त्यातले 43 नॉकआउट. हेवीवेटचा जगज्जेता असून एकदाही न हरता निवृत्त झालेला हा एकटाच. यादीतली नावंही साधी नाहीत: जो लुई, जर्सी जो वॉलकॉट, एझर्ड चार्ल्स, आर्ची मूर. एवढी नावं ऐकली की कुणीही मान डोलावेल. पण नावापुढे तारीख लिहून बघा. जो लुई 1937 ते 1949 जगज्जेता होता, 25 वेळा त्याने किताब राखला. मार्सियानोची त्याच्याशी गाठ पडली ऑक्टोबर 1951 मध्ये. लुई तेव्हा 37 वर्षांचा होता, निवृत्त होऊन परत आलेला, प्राप्तिकराच्या थकबाकीने गांजलेला. वॉलकॉट 38 वर्षांचा. आर्ची मूरचं वय तर कोडंच होतं. तो स्वतः जन्मसाल 1916 सांगायचा, त्याची आई 1913. म्हणजे 1955 मध्ये मार्सियानोसमोर आला तेव्हा तो 38 चा तरी होता किंवा 41 चा.

मग मार्सियानोचे विजय फुकाचे का? तसं म्हणणाराही चुकेल. सप्टेंबर 1952 ची फिलाडेल्फियातली लढत बघा. वॉलकॉटने पहिल्याच फेरीत त्याला खाली पाडलं; मार्सियानो आयुष्यात पहिल्यांदा पडला होता. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीत मार्सियानोचा एक उजवा ठोसा बसला आणि सगळं संपलं. त्या रात्रीचा 38 वर्षांचा वॉलकॉट म्हातारा नव्हता, आयुष्यातली बहुधा सर्वोत्तम लढत खेळत होता. वय आणि उतार या दोन गोष्टी एकच नाहीत. लुई 37 व्या वर्षी संपला होता, वॉलकॉट 38 व्या वर्षी बहरात होता. म्हणून नुसती तारीख लिहूनही भागत नाही. त्या रात्री समोरचा माणूस कसा होता, हे बघावं लागतं.

आता अलीचं बघू. अलीच्या चाहत्यांना (मीही त्यातलाच) त्याची सर्वांत देखणी लढत विचारली तर बरेच जण नोव्हेंबर 1966 ची सांगतात. ह्यूस्टनचं अॅस्ट्रोडोम, समोर क्लीव्हलंड विल्यम्स. अलीचे पाय जमिनीला लागतात की नाही कळत नाही, ठोसे दिसायच्या आत बसतात, तिसऱ्या फेरीत खेळ खलास. बघत राहावं अशी गोष्ट आहे. पण हा विल्यम्स कोण होता? एकेकाळचा भयंकर ठोसेबाज. आणि त्या लढतीच्या दोन वर्षं आधी पोलिसाची गोळी लागून मूत्रपिंड गमावलेला. आतड्याचाही भाग काढावा लागला होता आणि गोळी शरीरात तशीच राहिली होती. त्या माणसासमोर अली अलौकिक दिसला. अली अलौकिक होताच, पण ही लढत त्याचा पुरावा म्हणून मी तरी मांडणार नाही.

पुरावा आहे तो पुढच्या दशकात. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला म्हणून अलीचा किताब काढून घेतला गेला आणि साडेतीन वर्षं त्याला रिंगबाहेर काढावी लागली. परतला तेव्हा पायातली चपळाई कमी झाली होती. आणि नेमकी त्याच वेळी हेवीवेट गटात अशी माणसं जमली होती की त्यातला कुणीही दुसऱ्या एखाद्या दशकात एकटा राज्य करून गेला असता. मार्च 1971 मध्ये न्यूयॉर्कला अली आणि जो फ्रेझर भिडले तेव्हा दोघेही अपराजित होते. अली हरला. 1973 मध्ये केन नॉर्टनने त्याचा जबडा मोडला आणि लढतही जिंकली. त्याच वर्षी जमैकातल्या किंग्स्टनला जॉर्ज फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. पुढच्या वर्षी त्याने नॉर्टनलाही दोनच फेऱ्यांत उडवलं.

आता शाळेतलं गणित करा. फ्रेझर आणि नॉर्टन अलीला भारी, फोरमन त्या दोघांना भारी. मग फोरमनसमोर अलीचं काय होणार? ऑक्टोबर 1974 मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासात अलीसमोर उभा राहताना फोरमनच्या नावावर 40 लढती, 40 विजय, 37 नॉकआउट होते. आठव्या फेरीत फोरमन जमिनीवर होता.

हे गणित का चुकलं? फ्रेझर वाकून, डोकं पुढे घालून आत घुसायचा. त्याला डावा ठोसा मारायचा तर जवळ जावंच लागे. फोरमन तेवढ्याचीच वाट बघायचा, कारण खालून वर येणाऱ्या त्याच्या ठोशांना फ्रेझर आपणहून तोंड देत होता. अली घुसलाच नाही. दोरांना टेकून मागे रेलला, दंडांची ढाल केली, संधी मिळेल तेव्हा फोरमनची मान खाली दाबली, त्याला दमू दिलं, आणि मग मारलं. नॉर्टनचं उलट. त्याच्या अवघड बचावापुढे आणि सरळ डाव्या ठोशापुढे अलीला कधीच सूर सापडला नाही. तीन लढतींपैकी एकही त्याला सुखाची गेली नाही. कुस्तीतही असंच असतं. एखाद्याचा हुकमी डाव एकाला लागतो, दुसऱ्याला लागतच नाही, आणि त्यावरून दुसरा मोठा ठरत नाही.

तरीही अलीची यादी मला वजनदार वाटते, कारण यातली बरीच माणसं त्याने ऐन भरात असताना अंगावर घेतली, आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा. फ्रेझर तीनदा, नॉर्टन तीनदा. पुढे 1980 मध्ये लॅरी होम्सने 38 वर्षांच्या अलीला दहा फेऱ्या झोडपलं, पण होम्सच्या थोरवीत तो विजय कुणी मोजत नाही. हाच न्याय मार्सियानोच्या लुईवरच्या विजयालाही लावायला हवा, एवढंच माझं म्हणणं. आणि 2017 मध्ये फ्लॉइड मेवेदरने आपला पन्नासावा विजय मिळवला तो आयुष्यातली पहिलीच व्यावसायिक बॉक्सिंग लढत खेळणाऱ्या माणसावर. त्या रेवड्यांबद्दल आणखी काय बोलायचं?

यादीत नसलेली नावंही कधीकधी बोलतात. जॅक डेम्प्सी जगज्जेता असताना हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा वर्षानुवर्षं आव्हान देत राहिला. करार झाले, लढत झाली नाही. पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट चॅम्पियन जॅक जॉन्सन, त्यानेही किताब मिळाल्यावर सॅम लँगफर्डला दाराबाहेरच ठेवलं, कारण गोऱ्या प्रतिस्पर्ध्यावर तिकिटं जास्त खपायची. पिट्सबर्गचा चार्ली बर्ली तर इतका अवघड होता की त्याच्या वाट्याला जगज्जेतेपदाची एकही लढत आली नाही. पुढे त्याने पिट्सबर्गमध्ये कचरा गोळा करण्याची नोकरी केली. 1944 मध्ये याच बर्लीने आर्ची मूरला हरवलं होतं.

आणि या बर्लीला वयाच्या विसाव्या वर्षी, 1942 मध्ये, एकाच उन्हाळ्यात दोनदा हरवणारा एक पोरगा होता. त्याचं नाव मघाशी मार्सियानोच्या यादीत येऊन गेलं. एझर्ड चार्ल्स.

चार्ल्स सिनसिनाटीचा. आर्ची मूरला त्याने तीनदा हरवलं, 1946, 1947 आणि 1948 मध्ये, तिसऱ्यांदा नॉकआउट करून. पुढे लाइट हेवीवेटचा, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या गटाचा, जगज्जेता झालेल्या जोई मॅक्सिमला पाच वेळा. जिमी बिव्हिन्स आणि लॉइड मार्शल यांच्याकडून हरला आणि दोघांनाही नंतर एकाहून अधिक वेळा हरवून उट्टं काढलं. वॉलकॉटला दोनदा हरवलं, त्याच्याकडून दोनदा हरला. 1950 मध्ये जो लुईलाही हरवलं. अर्थात तोही परत आलेला लुईच होता, तेव्हा तिथे मी चार्ल्सलाही पुरे गुण देत नाही. मूळचा लाइट हेवीवेट. त्या गटात त्याच्याइतका सरस क्वचितच कुणी झाला असेल, आणि त्या गटाच्या किताबासाठी त्याला एकदाही संधी मिळाली नाही. फेब्रुवारी 1948 मध्ये शिकागोला त्याच्याशी लढलेला सॅम बरूडी मरण पावला. त्यानंतर चार्ल्सच्या ठोशातली जुनी निर्दयता परतली नाही, असं त्याला जवळून पाहिलेले म्हणत.

आयुष्यभरात चार्ल्स 25 वेळा हरला. बरेचसे पराभव शेवटच्या वर्षांतले, पैशासाठी लढत राहिलेल्या, शरीर साथ सोडत चाललेल्या माणसाचे. 1975 मध्ये स्नायू निकामी करणाऱ्या आजाराने तो गेला. मला कुणी विचारलं की हरवलेल्या माणसांची सर्वांत भारी यादी कुणाची, तर हेवीवेटपुरतं मी अलीचं नाव घेईन. पण सगळे गट धरले तर या 25 वेळा हरलेल्या माणसाच्या यादीसमोर मी बराच वेळ थांबेन.

त्याची आणि मार्सियानोची गाठ 1954 मध्ये दोनदा पडली. जूनमध्ये चार्ल्स पूर्ण पंधरा फेऱ्या टिकला. मार्सियानोसमोर पंधरा फेऱ्या उभा राहिलेला तो एकमेव माणूस. सप्टेंबरमध्ये पुन्हा भिडले. मार्सियानोची ही 47 वी लढत. सहाव्या फेरीत चार्ल्समुळे मार्सियानोची नाकपुडी अशी फाटली की रक्त थांबेना. मार्सियानोच्या कोपऱ्यातली त्याची माणसं घाबरली, लढत कधीही थांबवतील अशी अवस्था, आणि थांबवली असती तर विजय चार्ल्सचा. मार्सियानोलाही ते कळत होतं. आठव्या फेरीत तो सगळी ताकद एकवटून अंगावर गेला. चार्ल्स एकदा पडला, उठला, पुन्हा पडला. पंचाने दहा मोजले, तेव्हा मार्सियानोच्या नाकातून रक्त वाहतच होतं.

नमस्कार.