खोबरेल, कंडोम आणि ७२ तास

श्रोतेहो, नमस्कार. पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी आजचं बोलणं आहे. तुमच्यापैकी कोणी स्वतःला गे म्हणवतं, कोणी कोती म्हणजे आत घेणारा, कोणी पंथी म्हणजे आत घालणारा. कित्येक जण काहीच म्हणवत नाहीत, घरी बायको-मुलं असतात. तुम्ही सगळ्यांनी ऐका.

गुदद्वाराच्या आतलं अस्तर फार नाजूक असतं आणि तिथं ओलावा आपोआप सुटत नाही. घर्षणानं आत बारीक ओरखडे पडतात. ते दुखतातच असं नाही, पण विषाणूला तेवढी वाट पुरते. जोडीदाराला एचआयव्ही असेल, त्याचे उपचार चालू नसतील आणि कंडोम नसेल, तर आत घेणाऱ्याला लागण होण्याचा धोका दर १०,००० संबंधांमागे साधारण १३८ धरतात, आत घालणाऱ्याला ११. म्हणून ‘मी पंथी, मला काय होतंय’ हा हिशेब चुकीचा आहे. दोघांपैकी कोणालाही गरमीची, म्हणजे सिफिलिसची जखम असेल, तर धोका आणखी वाढतो.

आता कंडोम. तो फाटला की लोक कंपनीला दोष देतात, पण बऱ्याचदा कारण असतं न्हाणीघरातली खोबरेलची बाटली. खोबरेल, व्हॅसलीन, बॉडी लोशन यांतल्या तेलानं लेटेक्स काही मिनिटांत कमजोर होतं. थुंकी लगेच वाळते. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारलेली जेली मिळते, ती कंडोमवर बाहेरून आणि गुदद्वाराला भरपूर लावा, कोरडं वाटलं की पुन्हा लावा. पाकीट दातांनी फोडू नका. टोक चिमटीत धरून हवा काढा, मग कंडोम मुळापर्यंत उलगडा. वीर्य पडल्यावर लिंग ताठ असतानाच कंडोम मुळाशी धरून बाहेर या. एकावर एक दोन कंडोम चढवले तर ते एकमेकांवर घासून फाटतात. आणि पँटच्या मागच्या खिशात महिनाभर दबलेला कंडोम सरळ फेकून द्या.

एवढं करूनही फाटला तर? घाबरून साबणाच्या पाण्यानं आतून धुऊ नका, अस्तर जास्तच सोलवटतं. घड्याळ बघा. एचआयव्हीची लागण रोखणारी पेप नावाची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि २८ दिवस न चुकता घ्यावी लागतात. जितकी लवकर तितकी चांगली, म्हणून सोमवारची वाट न पाहता रविवारीच रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. असे प्रसंग वरचेवर येत असतील तर आधीच घ्यायच्या प्रेपच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला. त्याआधी एचआयव्ही, मूत्रपिंड आणि हिपॅटायटिस बी यांची तपासणी लागते, नंतर दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची. प्रेपनं गरमी किंवा परमा, म्हणजे गनोरिया, अडत नाही, कंडोम लागतोच.

तपासणीत एक चूक फार होते. शनिवारी संबंध आला, मंगळवारी तपासणी केली, निगेटिव्ह आली आणि माणूस निर्धास्त झाला. तपासणीत दिसणारी, विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं शरीरात तयार व्हायला काही आठवडे लागतात. त्यामुळे मंगळवारचा निकाल शनिवारबद्दल काहीच सांगत नाही, तीन महिने झाल्यावर पुन्हा तपासा. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ही तपासणी मोफत होते. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय ती करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो.

पॉझिटिव्ह निघालात तर एआरटी, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्रातून औषधं मोफत मिळतात, २००४ पासून ही सोय आहे. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत सापडत नाही इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. हे मनाला धीर द्यायला सांगत नाही, हजारो जोडप्यांच्या अभ्यासातून सिद्ध झालेलं आहे.

आणि समुपदेशकाला संबंध कसा आला ते नीट सांगा, ‘मागून घेतो’ असं स्पष्ट सांगा. फक्त ‘बाहेर गेलो होतो’ म्हणालात तर डॉक्टर पुढूनच तपासतील आणि आतली जखम तशीच राहील. समोरासमोर बोलायला जीभ रेटत नसेल तर आधी १०९७ ही एचआयव्ही हेल्पलाइन लावा. फोन मोफत आहे.