वार, वारा आणि क्यू ताप

श्रोतेहो, नमस्कार.

शेळी गाभडली की घरात पहिला हिशेब होतो नुकसानीचा. करडू गेलं, दूध बुडालं. पण तिची वार उचलली कुणी, उघड्या हातांनी उचलली का, आणि टाकली कुठे, हे सहसा कुणी विचारत नाही. क्यू तापाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते.

नावातला 'क्यू' हा 'क्वेरी'चा, म्हणजे प्रश्नाचा. १९३५ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात कत्तलखान्याच्या कामगारांना ताप येऊ लागला आणि तो कोणत्याच ओळखीच्या आजारात बसेना. डॉ. एडवर्ड डेरिक यांनी १९३७ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि कारण सापडेपर्यंत म्हणून हे नाव ठेवलं. पुढे जंतू सापडला, कॉक्सिएला बर्नेटी. नाव मात्र तेच राहिलं.

हा जंतू शेळ्या, मेंढ्या, गाई यांच्यात राहतो. जनावर बहुधा ठणठणीत दिसतं. शेळ्या-मेंढ्यांमध्ये कधी शेवटच्या महिन्यात गाभ पडतो, कधी मेलेलं किंवा अगदी अशक्त पिल्लू जन्मतं. दूध, लेंड्या, मूत्र यांतूनही जंतू बाहेर पडतो, पण त्याचं खरं कोठार म्हणजे वार आणि विताना येणारं पाणी. बाधित वारेच्या एका ग्रॅममध्ये शंभर कोटींपर्यंत जंतू असू शकतात, आणि माणूस आजारी पडायला श्वासातून गेलेले दहाच्या आतले जंतूही पुरतात. शिवाय हा जंतू चिवट आहे. वार वाळली, तिची धूळ झाली, तरी तो महिनोन्महिने टिकतो आणि वाऱ्यावर जातो. म्हणूनच शेळीला कधी हात न लावलेल्या माणसालाही हा ताप येतो.

नेदरलँडमध्ये २००७ ते २०१० या काळात हेच घडलं. नोर्ड-ब्राबांट प्रांतात दुधाच्या शेळ्यांचे मोठमोठे गोठे गावांना लागून होते. तिथे शेळ्या गाभडू लागल्या, आणि चार हजारांहून जास्त माणसांची नोंद झाली. त्यांतले पुष्कळ जण शेळीपालक नव्हते, ते फक्त बाधित गोठ्यांपासून पाचेक किलोमीटरच्या आत राहत होते. शेवटी सरकारने शेळ्यांना लस सक्तीची केली आणि पन्नास हजारांहून अधिक गाभण शेळ्या मारल्या. शेळीपालकांसाठी तो फार मोठा घाव होता. सुरुवातीलाच वारेची आणि खताची नीट व्यवस्था लावणं किती स्वस्त पडतं, हे यावरून समजावं.

आता आपल्या गोठ्याकडे वळू. विणाऱ्या शेळीला कळपातून बाजूला, वेगळ्या कोपऱ्यात बांधा. हात घालण्याआधी कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. रुमाल बांधून भागत नाही, धूळ त्यातून आत जाते. वार अडकली तर ओढू नका, पशुवैद्यकाला बोलवा. पडलेली वार, मेलेलं पिल्लू आणि भिजलेला पेंढा विहीर-ओढ्यापासून दूर, चार फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरा. वार कुत्र्यापुढे टाकू नका, उकिरड्यावरही नको. काही गावांत वार झाडाला टांगतात, तीही प्रथा इथे घातक ठरते: टांगलेली वार वाळते आणि तिची धूळ खाली येते.

जागा साफ करताना कोरडा झाडू अजिबात मारू नका. आधी पाणी शिंपडा, घाण खरवडून काढा, मगच एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं द्रावण टाकून अर्धा तास राहू द्या. शेण-रक्तावर ओतलेलं ब्लीच वाया जातं, चूक होते ती इथेच. लेंडीखत निदान तीन महिने झाकून कुजवा आणि वाऱ्याच्या दिवशी पसरू नका. शेतात मेंढ्या बसवताना वाड्यावर मेंढी व्याली किंवा गाभडली असेल, तर तिथली वारही अशीच पुरायची.

एकापाठोपाठ दोन-तीन शेळ्या गाभडल्या तर पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ब्रुसेलोसिसनेही गाभ पडतो आणि तोही माणसाला होतो, त्यामुळे नमुना तपासल्याशिवाय अंदाज बांधू नये. नमुना पशुवैद्यकच घेतील. वार पिशवीत घालून एसटीने नेऊ नका.

दुधाबद्दल एक कळकळीची विनंती. डेंग्यूत पेशी वाढतात म्हणून शेळीचं कच्चं दूध पाजलं जातं. त्याने पेशी वाढतात असा पुरावा नाही, आणि आधीच खचलेल्या रुग्णाला नवा जंतू देण्याचा धोका मात्र आहे. दूध उकळी आणूनच द्या.

माणसात लक्षणं संपर्कानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी येतात: अचानक मोठा ताप, डोळ्यांमागे ठणकणारं डोकं, घाम, अंगदुखी, कोरडा खोकला. कधी न्यूमोनिया, कधी यकृताला सूज. निम्म्या लोकांना तर काहीच जाणवत नाही. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो यांच्या चाचण्या होतात, त्या निगेटिव्ह येतात, आणि शेळीचा विषय निघतच नाही. म्हणून डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा: "तीन आठवड्यांपूर्वी आमच्याकडे शेळी गाभडली होती." पहिल्या आठवड्यात रक्तातली प्रतिपिंडांची चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. उपचार मात्र तोवर थांबवत नाहीत. मोठ्या माणसाला डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चौदा दिवस देतात. पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर उत्तम. स्वतःहून मेडिकलमधून आणून घेऊ नका, कारण गरोदर स्त्रीला वेगळं औषध लागतं.

गरोदर स्त्रीला या आजाराने गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते, म्हणून विणाऱ्या शेळीजवळ तिने जाऊ नये. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप बिघडलेल्यांनी किंवा कृत्रिम झडप बसवलेल्यांनीही दूर राहावं. त्यांच्यात जंतू झडपेवर दबा धरून बसतो, महिन्यांनी किंवा वर्षांनी वर येतो, आणि मग दोन औषधं निदान अठरा महिने घ्यावी लागतात. अशा रुग्णाचा ताप उतरला तरी तीन आणि सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासून घ्यायचं.

नमस्कार.