सेलवर न छापलेला आकडा

(दृश्य: बुधवार पेठ, तपकीर गल्ली. दुकानांबाहेर लोंबणाऱ्या वायरी, एलईडीच्या पट्ट्या, स्पीकर. कॅमेरा एका काउंटरवर थांबतो.)

निवेदन:
पसोड्या विठोबापासून तपकीर गल्लीत शिरायचं तर गाडी आधीच कुठेतरी लांब लावून यावं लागतं. इथे रेझिस्टरपासून अख्ख्या साउंड सिस्टिमपर्यंत सगळं मिळतं. कॉलेजचा एक मुलगा विचारतो, "काका, एटीन सिक्स फिफ्टी आहे?" मान वर न करता काका म्हणतात, "कशाला पाहिजे रे?"

गिऱ्हाइकाची अशी उलटतपासणी पुण्यात नवी नाही. पण या मालाच्या बाबतीत हा प्रश्न विचारायलाच हवा. टॉर्चला लागणारा सेल आणि व्हेपमध्ये जाणारा सेल दिसायला जुळे असतात, कामाला नसतात.

ई-सिगारेट म्हणजेच व्हेप. २०१९ च्या कायद्याने भारतात तिचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात, सगळंच बंद केलं. उत्पादन, आयात, विक्री किंवा जाहिरात करणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यालाच एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. योगायोग असा, की लिथियम-आयन बॅटरीच्या शोधाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेही २०१९ मध्येच. बंदी उपकरणावर आली, आतला लिथियम-आयन सेल मोकळाच राहिला. तसाच सेल टॉर्चमध्ये आहे, पॉवर बँकेत आहे, जुन्या लॅपटॉपच्या पॅकमध्ये आहे. आणि बंदी असूनही मुलांच्या दप्तरात व्हेप सापडतात, हे अनेक पालकांना एव्हाना कळलेलं आहे.

(दृश्य: टेबलावर वेगवेगळ्या मापांचे सेल, शेजारी व्हर्निअर कॅलिपर.)

आधी माप. त्या मुलाने मागितलेला एटीन सिक्स फिफ्टी, म्हणजे १८६५०: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. शेवटचं शून्य सांगतं की सेल गोल नळकांड्याचा आहे. २१७०० म्हणजे २१ बाय ७०. वापरून फेकायच्या व्हेपमध्ये साधारण १३ मिलिमीटर जाडीचा छोटा सेल सापडतो.

या सगळ्यांत घरातल्यांनी लक्षात ठेवावा असा एक, १४५००. हा हुबेहूब आपल्या पेन्सिल सेलच्या मापाचा. रिमोटमध्ये चपखल बसतो. पेन्सिल सेल दीड व्होल्टचा, हा ३.७ चा. दोन सेल घातले की तीन व्होल्टच्या रिमोटला सात-आठ व्होल्ट मिळतात, आणि मग नवीन रिमोट आणायला परत याच गल्लीत यावं लागतं.

(दृश्य: मल्टिमीटरचे प्रोब सेलच्या दोन टोकांना. आकडा: ४.१८.)

आता व्होल्टेज. कव्हरवर ३.७ छापलंय, मीटर ४.१८ दाखवतोय. मीटर बिघडलेला नाही. ३.७ हा सरासरीचा आकडा. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्टला असतो आणि वापरता वापरता तीनच्या आसपास उतरतो. चार्ज करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरात जाऊन बसतात, वापरताना परत निघतात. कुठे किती लिथियम उरलंय, त्यावर व्होल्टेज ठरतं. ४.२ च्या वर रेटलं तर ग्रॅफाइटवर धातूचं लिथियम साचायला लागतं. अडीचच्या खूप खाली नेऊन ठेवलं तर आतली तांब्याची पत्री विरघळायला लागते, आणि असा मेलेला सेल हट्टाने पुन्हा चार्ज केला तर तो आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. आणखी एक फसगत: सोलर दिव्यांतले काही सेल दिसायला असेच, पण लिथियम आयर्न फॉस्फेटचे असतात. त्यांचा सरासरी आकडा ३.२ आणि कमाल ३.६५. त्यांना ४.२ चा चार्जर लावू नये.

(दृश्य: व्हेपच्या कॉइलचा क्लोजअप. तापून लाल होणारी तार.)

व्हेपमध्ये करायचं काम एकच, तार तापवायची. तारेभोवती कापूस, कापसात निकोटिन मिसळलेलं द्रव, त्याची वाफ. आणि इथे शाळेतला ओहमचा नियम कामाला येतो. व्होल्टेजला रोधाने भागलं की करंट.

कॉइल अर्ध्या ओहमची असेल, तर ४.२ भागिले ०.५, म्हणजे ८.४ अँपिअर. पॉवर पस्तीस वॉट. कॉइल ०.२ ओहमची केली, की करंट थेट २१ अँपिअर, पॉवर ८८ वॉट. घरचा जुना सीलिंग फॅन साधारण ७५ वॉट घेतो. त्याहून जास्त पॉवर बोटाएवढ्या सेलमधून, तीही तोंडापासून वीतभर अंतरावर.

सर्किट असलेलं उपकरण हा करंट मोजतं आणि मर्यादा ओलांडली की बंद पडतं. 'मेकॅनिकल' प्रकारात सर्किटच नसतं. धातूची नळी, एक बटण, आणि सेल थेट कॉइलला. त्यात शॉर्ट झालं तर थांबवणारं कोणी नाही.

म्हणजे खरा प्रश्न, हा सेल किती अँपिअर सोसतो? बऱ्याच सेलच्या कव्हरवर तो आकडा नसतोच, उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये असतो. कव्हरवर मोठ्या अक्षरात असतात एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलमधल्या साठ्याचा आकडा. गिऱ्हाईक ते वाचतं आणि जास्त आकड्याचा सेल उचलतं. पण जास्त साठा हवा तर आतल्या पत्रीवरचा लेप जाड लागतो, जास्त करंट हवा तर पातळ. साधारण ३५०० एमएएचचे सेल दहा अँपिअरच्या आसपास थकतात, २५०० चे काही सेल वीस सोसतात. 'जास्त एमएएच म्हणजे चांगला सेल' हे गणित व्हेपच्या बाबतीत उलटं पडतं.

(दृश्य: डिजिटल वजनकाटा. आधी चांगला सेल, मग भडक कव्हरचा.)

आणि हा बघा, कव्हरवर ९९०० एमएएच. या मापात एवढं बसतच नाही. चांगल्यातल्या चांगल्या १८६५० मध्येही साडेतीन-चार हजारांपर्यंतच मजल जाते. काट्यावर चांगला सेल ४६ ग्रॅम. हा ३१. उरलेले पंधरा ग्रॅम आकड्यांतच राहिले.

(दृश्य: फाटलेल्या कव्हरचा सेल.)

जाता जाता कव्हरबद्दल. सेलचा अख्खा डबा ऋण असतो, अगदी वरच्या काठापर्यंत. धन फक्त मधलं बटण. दोघांमध्ये एक कागदी चकती आणि हे पातळ प्लॅस्टिक. ते फाटलं असेल आणि सेल किल्ल्यांबरोबर खिशात असेल, तर शॉर्ट व्हायला एक किल्ली पुरते. सुटे सेल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावेत. डबी काही महाग नसते.

(दृश्य: सकाळ, सोसायटीचं गेट, कचरा वेगळा करणाऱ्या मावशी.)

फेकून दिलेल्या व्हेपमधला सेल बहुतेक वेळा पुन्हा चार्ज होऊ शकणारा असतो. तो कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला की पेट घेऊ शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घ्यायची जबाबदारी उत्पादकावर टाकली. पण चोरून आलेल्या मालाचा उत्पादक इथल्या कुठल्याच नोंदीत नसतो. हा सेल परत मागायला कोणी येणार नाही. तो आधी पोहोचतो तो या मावशींच्या हातात, सुक्या कचऱ्याच्या पिशवीतून, बाहेरून कळणारही नाही असा. त्यामुळे सापडलाच, तर सोलायचा नाही, उघडायचा नाही. टोकं दिसत असतील तर त्यांवर चिकटपट्टी लावायची, आणि ई-कचऱ्यात वेगळा, सांगून द्यायचा.