पोट उडतंय का, ते बघा

(दृश्य : वाळवा तालुका, जानेवारीतली पहाट. उसाच्या फडाकडेला कोप्या.)

धुकं इतकं दाट की बैलगाडी दिसायच्या आधी घुंगरं ऐकू येतात. बीडहून आलेल्या ऊसतोड कुटुंबाच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, सात महिन्यांचं बाळ रात्रभर किरकिरलंय. नाक चोंदलंय, त्यामुळे दूध ओढताना मधेच सोडून श्वास घ्यावा लागतोय. आईला उजाडायच्या आत फडात पोचायचंय. हातात थोरल्यासाठी आणलेली खोकल्याची बाटली. त्यातलं अर्धं बूच पाजावं, असा तिचा विचार.

"ते ठेव बाजूला," आशाताई दारातूनच म्हणतात. "आधी झबलं वर कर."

2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात अशीच साध्या सर्दी-खोकल्याची मुलं आजारी पडू लागली. त्यांना दिलेल्या खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. मूत्रपिंडं निकामी होऊन वीसहून जास्त लेकरं गेली. त्यानंतर केंद्र सरकारने डॉक्टरांना पुन्हा बजावलं : दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नका, पाच वर्षांखालीही सहसा नको. आणि बाटली अगदी निर्भेळ असली, तरी तान्ह्या बाळाची सर्दी तिने लवकर बरी होत नाही. उलट गुंगी येते, कधी श्वास मंदावतो.

(दृश्य : बाळाची छाती, जवळून. मोबाइलवर सेकंद पळताहेत.)

बाळ झोपलेलं किंवा शांत हवं, आणि मोजायचं पूर्ण एक मिनिट. पोट एकदा वर आलं की एक श्वास. दोन महिन्यांखालच्या बाळाचे 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष 50 किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, तर न्यूमोनियाची शंका धरायची आणि दवाखाना गाठायचा. बरगड्यांखाली खळगा पडतोय, अंगावर पीत नाही, ओठ निळसर झालेत, बाळ उठवून उठत नाही, तर लगेच 108. दोन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला, तरी थांबायचं नाही.

श्वास भराभर चालला की इकडच्या बायका म्हणतात, "पोट उडतंय." मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. त्यात निम्मी तपासणी आहे.

शेजारच्या कोपीतली आज्जी मध घेऊन आलीय. माया खरी, पण वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको. त्यातल्या जंतूंनी बोट्युलिझम होऊ शकतो, आणि त्यात बाळाचे स्नायूच ढिले पडतात. वर्षानंतर मात्र झोपताना दिलेल्या अर्ध्या चमच्याने खोकला हलका होतो. नाकात तेल नको, ते फुप्फुसात उतरतं. शेगडीवर ओवा-वेखंडाची धुरीही नको, आधीच चुलीचा धूर कोपीभर आहे. उकळत्या पातेल्याच्या वाफेने तर पोरं भाजतात. पाजण्याआधी नाकात सलाइनचे दोन थेंब, थोडं थोडं पण वरचेवर अंगावरचं दूध, आणि ऊब. एवढंच.

तापाला पॅरासिटामॉल लागलं, तर वजनावर ठरवून. थेंबांचं औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतं. सिरपच्या चमच्याने थेंब पाजले की घात होतो.

मोठ्यांचं वेगळं. बाप सर्दीची गोळी घेतो, वर तापाची. दोन्हींत पॅरासिटामॉल, म्हणजे दुप्पट डोस, आणि त्याचा भार यकृतावर. रक्तदाब असेल, तर नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या विचारूनच घ्याव्यात. उरलेलं अँटिबायोटिक विषाणूच्या सर्दीला चालत नाही. पण खोकला दोन आठवडे हटला नाही, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात क्षयरोगासाठी थुंकी तपासायची. तिथं पैसे पडत नाहीत.

(दृश्य : पुन्हा कोपी. आशाताई मोबाइल खाली ठेवतात.)

"बेचाळीस. आत्ता बरंय. फडात नेशील तर झोळी धुरापासून लांब बांध. दुपारी एकदा मोज आणि सांजच्याला परत. पन्नास भरले, तर मला फोन करत बसू नको, थेट 108 ला लाव."

"ताई, मला मोजता येतंय का बघा," आई म्हणते, आणि बाळाच्या पोटावर नजर लावून हळू आवाजात सुरू करते. एक. दोन. तीन.